वरचं कमी आहे

गाणं ऐकणारे लोक वेगळे आणि आम्ही चौघे वेगळे. गाणं ऐकणाऱ्याला गाणं आवडतं किंवा आवडत नाही, आणि तो जेवायला जातो. आम्ही मात्र गायकाने तोंड उघडण्याआधी घेतलेला श्वास किती स्वच्छ ऐकू आला, यावर तासभर भांडू शकतो. पुढे तो काय गायला हे आमच्यापैकी एकाला तरी आठवेल याची मी हमी देत नाही. माझी बायको याला श्वास ऐकण्याचा आजार म्हणते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मला अजून यावर उत्तर सापडलेलं नाही.

आमची बैठक दर रविवारी सकाळी नऊला, आळीपाळीने एकेकाच्या घरी. प्रत्येकाने आपल्या संग्रहातली एक चीज आणायची, मग ती तबकडी असो, कॅसेट असो की सीडी. ज्याचं घर, त्याच्या यंत्रावर ती वाजणार. कोणाची एखादी घरी न्यावीशी वाटली तर आपल्या तोलामोलाची एक त्याच्याकडे ठेवून जायची. याला आम्ही ओलीस ठेवणं म्हणायचो, आणि ओलीस परत करताना दोन्हीकडचे लोक तबकडी उजेडात तिरपी धरून ओरखडे शोधायचे. इतका आमचा एकमेकांवर विश्वास.

बैठकीचा कायदा एकच होता. तबकडी संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, आणि संपल्यावर काका बोलेपर्यंत कोणी बोलायचं नाही.

काका म्हणजे आमच्यातले सगळ्यात वडील. कामठीचे. चाळीस वर्षं त्यांनी स्वतःचे सहा पॉवरलूम चालवले होते. सगळे माग एकदम खडखडत असताना कुठल्या मागावरचा धागा आता तुटणार हे ते नुसत्या आवाजावरून सांगत, अशी त्यांची ख्याती होती. आमच्यापैकी कोणी हे प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, पण ख्यातीला साक्षीदार लागत नाहीत. रविवारी सकाळी ते शेअर ऑटोत पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बसून, मांडीवर कापडी पिशवीत तबकडी धरून नागपुरात यायचे. तो कान आमचं हायकोर्ट होता. त्यावर अपील नाही.

बाकीचे तिघे म्हणजे एक कळमन्याचे धान्याचे अडते. मूठभर तूर हातात घेऊन ती कोणत्या तालुक्यातली हे सांगणारा माणूस, पण स्वतःच्या बैठकीच्या खोलीतल्या आवाजाबद्दल मात्र काकांना विचारल्याशिवाय मत द्यायचा नाही. दुसरा लकडगंजचा लाकूडवाला, ज्याची तिथे आरा मशीन आहे. आमच्या सगळ्यांच्या स्पीकरची सागवानी खोकी त्यानेच केली. ती इतकी जड आहेत, की मी घर बदलायचा विचार त्यांच्याचमुळे दोनदा सोडून दिला. आणि तिसरा मी, पाटबंधारे खात्यातला आरेखक. माझ्याकडे पैसा नाही आणि लाकूडही नाही. माझ्याकडे मतं होती, असा माझा समज होता.

दोनेक वर्षांपूर्वी अडत्यांच्या घरी काकांनी ते वाक्य पहिल्यांदा उच्चारलं. तबकडी संपली, सुई उचलली गेली, आम्ही तिघे काकांच्या तोंडाकडे बघत बसलो. त्यांनी डोळे उघडले, हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "वरचं कमी आहे गा."

वरचं म्हणजे बारीक, उंच पट्टीतले आवाज. झांजेची किणकिण, घुंगरू, सतारीच्या तारेची चमक. अडत्यांचा चेहरा पडला. मला तर तोवर सगळं ठीक वाटत होतं, पण माझंच तोंड म्हणालं, "हो ना, मले पण मघापासून तेच वाटून राहिलं होतं." लाकूडवाल्याने मान डोलावली. अडत्यांनी महिन्याच्या आत ट्विटर बदलले. ट्विटर म्हणजे स्पीकरमधली ती छोटी वाटी, जिच्यातून हे बारीक आवाज येतात.

पुढच्या फेरीत काका म्हणाले, "सुधारलं. पण वरचं अजून कमी आहे." अडत्यांनी आणखी महागाचे ट्विटर बसवले. मग लाकूडवाल्याच्या घरी तेच. त्याने आपली खोकी पाडून नवीन बांधली. मग माझी पाळी आली. मला ट्विटर बदलणं परवडणारं नव्हतं, म्हणून मी शास्त्राचा आधार घेतला. कापड बारीक आवाज खाऊन टाकतं, हे शास्त्र आहे. मी आधी गालिचा काढला. मग सोफ्याच्या गाद्या. मग पडदे.

पडदे काढले ते एप्रिलमध्ये. नागपूरच्या एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खिडकीचा पडदा काढणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा भाडेकरू. त्यात ऐकताना कूलर बंद ठेवावा लागतो, कारण कूलरच्या घरघरीत काही कळत नाही. मग आम्ही चौघे बिनगादीच्या सोफ्यावर, घामाघूम, उन्हात डोळे मिटून बसायचो. बायको दारातून बघायची आणि म्हणायची, "शिक्षा कोण दिली होती तुमाले?"

वर्षभरात आमच्या तिन्ही घरांचा आवाज असा झाला, की तबला वाजला तरी कोणी स्टीलच्या ताटावर चमचा आपटतंय असं वाटायचं. सोमवारी ऑफिसात माझं डोकं दुखायचं. अडते एकदा सहज म्हणाले की त्यांना रविवारी जेवण जात नाही. लाकूडवाला काही म्हणाला नाही, पण ऐकताना तो डोळे मिटायच्या ऐवजी आवळायला लागला होता. तिघांपैकी एकानेही तोंडातून ब्र काढला नाही. काका म्हणतात वरचं कमी आहे, म्हणजे कमी आहे. आपल्याला जास्त वाटत असेल तर आपला कान कच्चा.

मग तो रविवार आला. आदल्या दिवशी मी स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले होते, हेही शास्त्रच. लाकूडवाल्याच्या खोक्यांना मागच्या बाजूला तारांचे दोन वेगळे जोड आहेत, खालचा जोड मोठ्या स्पीकरला आणि वरचा ट्विटरला. काकांनी आणलेली तबकडी वाजली, संपली. काका म्हणाले, "आज बरं आहे. वरचं अजून कमीच आहे, पण मागच्यापेक्षा खुललं."

"खुललं, खुललं," अडते म्हणाले. "पडद्याचा फरक पडला."

"जमीन-अस्मानाचा," लाकूडवाला म्हणाला.

मीही म्हणालो. मी तर असंही म्हणालो की घुंगरू आज पहिल्यांदा समोर दिसले. सांभारवडी खाऊन सगळे गेले, मी झाडू मारायला स्पीकरच्या मागे वाकलो आणि पाहतो तर वरच्या जोडाच्या तारा दोन्हीकडे सुटून फरशीवर पडलेल्या. स्पीकर ओढताना मीच त्या काढल्या होत्या आणि लावायच्या विसरलो होतो. त्या दिवशी माझ्या घरात ट्विटर वाजलेच नव्हते. घुंगरू कुठून दिसले होते, देव जाणे.

बायको हसत हसत जमिनीवर बसली. पदराने डोळे पुसून झाले, पाणी पिऊन झालं, आणि मग ती एकदम गंभीर होऊन म्हणाली, "एक सांगू? काकाले कमी ऐकू येते."

मी चिडलो. माझ्या घरात उभं राहून कोणी त्या कानाबद्दल असं बोलावं हे मला खपणारं नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "मी मागून तीनदा विचारलं, काका चहा देऊ का म्हणून. हू की चू नाही. समोर येऊन हळूच विचारलं, तर लगेच म्हणाले, अर्धाच दे. ते आवाज नाही ऐकत. ओठ पाहतात."

मागाच्या शेडमध्ये शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तिथले लोक वर्षानुवर्षं ओठांवरूनच बोलतात, हे मला काकांनीच सांगितलं होतं आणि मी कौतुकाने ऐकलं होतं. चाळीस वर्षं त्या खडखडाटात उभा राहिलेला कान. त्यातले बारीक आवाज आधी जाणार, हे मला समजायला हवं होतं. मी शास्त्राचा आधार घेणारा माणूस, पण शास्त्र मी फक्त पडद्यांना लावलं.

आता हे काकांना सांगायचं कसं, या विचारात मी दोन रविवार घालवले. तिसऱ्या रविवारी पाळी कामठीची होती. आम्ही पोचलो तर काकांनी मोठ्या खोलीत सगळ्या तबकड्या कपाटातून काढून सतरंजीवर मांडल्या होत्या. सातशेच्या वर असतील. काकू चहा देऊन काही न बोलता आत गेल्या.

"आज ऐकाचं नाही," काका म्हणाले. "आज वाटाचं आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं, तेही अगदी पद्धतशीर. गेली दोन वर्षं त्यांना त्यांच्या तबकड्या मंद वाटू लागल्या होत्या. आधी वाटलं आपलं यंत्र जुनं झालं. म्हणून ते प्रत्येक रविवारी एकेक तबकडी आमच्याकडे आणून ताडून पाहत होते. अडत्यांच्या घरी वरचं कमी. लाकूडवाल्याच्या घरी वरचं कमी. माझ्या घरी कमी. "तुमी सर्व्यांनी यंत्रं सुधारली, पडदे काढले, तरी तेच. आणि तुमाले पण तसंच ऐकू येते. मग दोष कशात राहिला? तबकडीत. सुई फिरून फिरून झिजल्या बिचाऱ्या. वरचं निघून गेलं त्याच्यातलं."

त्यांच्या हिशेबात चूक नव्हती. चौघांनी ऐकलं, चौघांचं मत एक. कोणाही समजदार माणसाने हाच निष्कर्ष काढला असता. फक्त त्या चौघांतले तीन खोटे होते.

"झिजलेला माल कपाटात ठेवून काय करू? तुमाले जे पाहिजे ते घेऊन जा, आठवण म्हणून. ओलीस नको काही. बाकीचा एक जण येऊन राहिला शुक्रवारी, बाहेरगावचा आहे, जुन्या तबकड्या ढिगानं घेते. टेम्पो घेऊन येईल."

हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण हात एका तबकडीच्या कव्हरवरून उगीच फिरत होता. मी त्याच क्षणी बोलायला हवं होतं. माझं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात काकांनी ती हातातली तबकडी माझ्यासमोर धरली.

ती सारंगीची तबकडी होती. एका घरगुती मैफिलीची, फार थोड्या प्रती निघालेली. ती मी बारा वर्षं मागत होतो. तिच्या बदल्यात मी माझ्या सहा तबकड्या ओलीस ठेवायला तयार होतो, एकदा तर स्कूटरही म्हणालो होतो. काकांनी कधी ती घराबाहेर काढली नाही. सारंगीच्या मुख्य तारांखाली बारीक तारांची एक फळी असते, तिला तरफा म्हणतात. त्यांना कोणी गज लावत नाही, वरच्या सुराने त्या आपल्या आपण बोलतात. या तबकडीत त्या तरफा अशा बोलतात, की पहिल्यांदा ऐकताना मी काकांच्या खोलीत मागे वळून पाहिलं होतं, आणखी कोणी बसलंय का म्हणून.

"तुह्यासाठी ठेवली," काका म्हणाले. "तरफा गेल्या तिच्या. पण सारंगी आहे अजून."

आणि मी ती घेतली. उघडलेलं तोंड मिटलं, "थँक यू काका" म्हणण्यापुरतं पुन्हा उघडलं आणि दोन्ही हातांनी तबकडी घेतली. अडत्यांनी चाळीसेक निवडल्या, लाकूडवाल्याने खोका भरला. आम्ही शोकसभेला आल्यासारखे चेहरे करून निघालो आणि कोपऱ्यावर वळताच लाकूडवाला म्हणाला, "तुले कोणती देल्ली बे?" मी दाखवली. तो पाचेक सेकंद काही बोलला नाही. त्या पाच सेकंदांत मला जो आनंद झाला त्याची मला आजही लाज वाटते.

घरी आल्याबरोबर लावली. ट्विटरच्या तारा नीट आवळल्या, दिवसाढवळ्या कूलर बंद केला. तबकडी नव्या कोऱ्यासारखी वाजली. तरफा अशा चमकत होत्या, की आतून बायको हात पुसत बाहेर आली. दहा मिनिटं उभ्याने ऐकून ती म्हणाली, "ही झिजली म्हणतात ते?" मी सुई उचलली. ती म्हणाली, "परत देऊन या. आणि सांगून या." मग आत जाता जाता, "पडदे मी आज लावून राहिले. काही म्हणाल तर पाहा."

सोमवारी मी आधी अडत्यांना फोन लावला. सगळी हकीकत सांगितली. पलीकडून बराच वेळ लिलावाचा गलका ऐकू आला, मग ते म्हणाले, "म्हणजे माह्या घरचं वरचं आधीच बरोबर होतं?"

"हो."

"दोनदा ट्विटर बदलले ना मी." पुन्हा गलका. "नाही बाप्पा, मी नाही सांगू शकत. मी बोलाले गेलो तर माह्या तोंडातून ट्विटरच निघन."

लाकूडवाला सरळ म्हणाला, "तू सांग. तू सरकारी माणूस. तुमच्या खात्याले नोटीस द्याची सवय असते."

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सारंगी काखेत मारून कामठीला गेलो. ऑटोत बसून वाक्य तयार केलं. हळू आवाजात, मायेने, आडवळणाने सांगायचं होतं. काका, वय झालं की सगळ्यांचंच होतं, माझ्याही डोळ्यांचा नंबर वाढला, वगैरे. वाक्य चांगलं जमलं होतं. मला स्वतःलाच ऐकून गहिवरून आलं.

दारात काकू भेटल्या. माझ्या काखेतली तबकडी पाहून त्यांनी ओळखलं असावं. हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी दोन वर्षांपासून सांगून राहिली. मलेच म्हणतात, तुहा आवाज बसला, गरम पाण्याच्या गुळण्या कर. केल्या ना मी. सहा महिने केल्या." आणि त्यांनी मला आत जायला वाट दिली.

काका खोलीत तबकड्या खोक्यांत भरत होते. शेजारच्या शेडमधले माग चालू होते, भिंत बारीक थरथरत होती. मी बसलो, पाणी प्यालो, आणि लाजेने मान खाली घालून ते सुंदर वाक्य म्हणायला लागलो.

"काय?" काका म्हणाले.

मी पुन्हा सुरुवात केली. ओशाळलं की मी तोंडावर हात नेतो, तो याही वेळी गेला.

"अरे, तोंड वर करून बोल ना गा! भिंतीसंग बोलून राहिला का?"

तेव्हा मला कळलं, की ही गोष्ट खाली मान घालून सांगता येणार नाही. त्यांच्या डोळ्यांत बघून, तोंड पूर्ण उघडून सांगावी लागेल. मायेचा भाग गळाला, आडवळण गळालं, डोळ्यांचा नंबरही गळाला. मी मान वर केली आणि मागांच्या खडखडाटावर ओरडलो, "काका, तबकडी चांगली आहे! तुमाले वरचं ऐकू येत नाही!"

नेमकी त्याच क्षणाला शेजारी जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे माग एकदम थांबले. माझं वाक्य भिंतीपलीकडे, गल्लीत, गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. बाहेर कोणाची तरी सायकल थांबल्याचा आवाज आला.

काका माझ्या ओठांकडे पाहत राहिले. मग दाराकडे पाहिलं. दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी आवाज न करता ओठ हलवले, काकांनीही तसंच काहीतरी विचारलं, काकूंनी उत्तर दिलं. बराच वेळ दोघं असे बोलले. त्या खोलीत चांगले कान असलेला मी एकटा होतो आणि मला एक अक्षर कळलं नाही. शेवटी काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि काकांनी खोक्यात भरलेली एक तबकडी काढून बाहेर ठेवली.

"अडत्याच्या घरी," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "वरचं होतं बरोबर?"

"होतं."

"ट्विटर बदलले त्याच्या आधीपासून?"

"आधीपासून."

"लाकूडवाल्याच्या घरी?"

"तिथंही होतं."

"तुह्या घरी?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सुटलेल्या तारांची गोष्ट सांगितली. ती सांगताना मला वाटलं ते हसतील, मी हसायची तयारीही केली होती.

"मी म्हटलं खुललं," काका म्हणाले. "तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, घुंगरू समोर दिसले."

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत, आणि तेच मला सोसेना. "मले ऐकू येत नव्हतं, हे समजलं गा," ते म्हणाले. "शेडमध्ये जिंदगी गेली, कान जाणारच. पण तुमाले तर ऐकू येत होतं ना? तुमी काहून हो म्हणत गेले?"

मी तुमचा मान म्हणालो. तुमचं वय, तुमचा अनुभव म्हणालो. मला भीती वाटत होती हे मात्र म्हणालो नाही, कारण कशाची भीती, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. तुमच्यापेक्षा वेगळं ऐकलं तर मी ऐकणारा नाही असं ठरेल, एवढीच ती भीती होती.

काका बराच वेळ बोटांनी खोक्याची कड वाजवत राहिले. "म्हणजे दोन वर्षं," ते म्हणाले, "तिथं ऐकणारा मी एकटाच होतो. आणि तो बहिरा."

मला रडू आलं. चोपन्नाव्या वर्षी, अर्ध्या दिवसाच्या रजेवर, दुसऱ्याच्या घरी. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला, तो मी हातात धरून बसलो. काका त्यांना म्हणाले, "त्या टेम्पोवाल्याले फोन कर, म्हणा येऊ नको. आणि त्या कानाच्या डॉक्टरचं तू म्हणत होती, ते पाहू उद्या." मग माझ्या काखेकडे बोट केलं. "लाव ते."

मी सारंगी लावली. सुई टेकली, पहिला लांब सूर निघाला. काका डोळे मिटतील असं मला वाटलं. त्यांनी मिटले नाहीत. ते माझ्या समोर येऊन बसले, गुडघ्याला गुडघा लावून, आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले.

"आता सांग मले, वर काय चालू आहे."

"तरफा बोलून राहिल्या, काका."

"ते मले माहीत आहे, पंचवीस वर्षांपासून. कशा बोलून राहिल्या? सूर लागल्यावर लगेच, की मागून? सर्व्या, की एखाद-दुसरी? थांबल्या की आत्ता?"

इतकी वर्षं मी ऐकून संपलं की त्यांच्या तोंडाकडे पाहत आलो होतो. आता ते माझ्या तोंडाकडे पाहत होते आणि त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं, ज्याच्या मागे मला हो म्हणता आलं असतं.

"मागून," मी म्हणालो.

"पक्कं?"

सूर पुन्हा आला. मी कान दिला. तरफांचा आवाज मागून होता का? की सुराच्या आतच होता?

"थांबा काका," मी म्हणालो, "मले पुन्हा ऐकू द्या."